घरच्या गाडीचा तिसरा गिअरबॉक्स

...आणि वर मलाच विचारतो, "गाडी कोण चालवतं?"

अहो, कोण चालवतं म्हणजे? एवढा मोठा ट्रक, पाठीवर पर्वताएवढा माल, ही काय लहान मुलांची तीनचाकी आहे का, की सकाळी दादाने चालवली आणि संध्याकाळी ताईने मागून घेतली? मी चालवतो! मिसरूड फुटल्यापासून मीच चालवतो! पण नाही. मिस्त्री उठणार, काळ्या फडक्याने काळे हात आणखी काळे करणार, जमिनीवर पडलेल्या गिअरबॉक्सकडे बघणार, मग माझ्याकडे बघणार, मग पुन्हा गिअरबॉक्सकडे... आणि दोघांत जास्त बिघडलेला कोण, ते मनाशी ठरवून मला विचारणार, "गाडी कोण चालवतं?"

तुम्हाला सांगतो, गिअरबॉक्स एकदा गेला तर लोक म्हणतात, लोखंड आहे, जायचंच. दुसऱ्यांदा गेला तर म्हणतात, पार्ट डुप्लिकेट मिळाला असेल. पण तिसऱ्यांदा गेला ना, की सगळे गाडीकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला लागतात. माझा तिसऱ्यांदा गेला.

पहिल्या वेळी झालं होतं काय, तर डिझेलच्या पाइपात हवा धरली आणि गाडी भर रस्त्यात बंद. किरकोळ काम! पण तिथे आडरानात हवा काढायला कोण येणार? गाडी ओढून गॅरेजात आणली, हवा काढली, गाडी सुरू, मी खूश. आणि पुढच्याच आठवड्यात एका चढावर खालून आवाज... घूंऽऽ... घूंऽऽ... मी म्हटलं, रस्ता खराब असेल. चढ अर्धा झाला तोवर घूंऽऽचं खर्रर्र झालं, आणि पुढे आवाजच बंद, कारण गिअरच पडेना! मिस्त्रीने खोलून बघितलं तर आतले बेअरिंग जळून निळे. निळे! "तेल नसणार," म्हणाला. तेल काढलं तर काठोकाठ. आता माणसाने काय म्हणावं? 'चुकलो' म्हणावं. हा म्हणतो, "तेल आहे... पण गाडी कोण चालवतं?"

दुसऱ्या वेळी स्टार्टर गेला. चावी फिरवली की टिक. पुन्हा फिरवली की टिक. पुन्हा ओढून आणली, स्टार्टर बदलला, निघालो, आणि थोड्याच दिवसांत... घूंऽऽ! बेअरिंग निळे! तिसऱ्या वेळी तर अहो, रेडिएटरचा पाइप फुटला, दोन वितींचा रबरी पाइप! तो बदलला, पाणी भरलं, निघालो... घूंऽऽ! आता रेडिएटरच्या पाइपाचा आणि गिअरबॉक्सचा काही संबंध आहे का? एक पुढे, एक मागे, आयुष्यात एकमेकांचं तोंड बघत नाहीत!

मिस्त्री म्हणाला, "मला कळलं." म्हटलं, बोला. म्हणाला, "पाय."

पाय? "डावा पाय. तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता." मी म्हटलं, मिस्त्री, क्लचवर पाय ठेवला तर क्लच जळेल, आतल्या बेअरिंगने काय पाप केलंय? क्लच बघा की, नव्यासारखा आहे! तर म्हणाला, "तेच तर! पाय वेगळ्या पद्धतीने ठेवत असाल." वेगळ्या पद्धतीने म्हणजे? पाय ठेवायच्या पद्धती किती असतात? आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, या माणसाने गॅरेजातला भंगार तोलायचा वजनकाटा ओढला आणि त्यावर माझा पाय ठेवायला लावला! बूट काढून! चार माणसं चहा पीत बघतायत! काटा बघून मान हलवतो आणि म्हणतो, "जड आहे." अहो, माणसाचा पाय आहे तो, वर अख्खा माणूस जोडलाय, हलका कसा असेल!

मग आला लॅपटॉपवाला. मिस्त्रीनेच बोलावला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड. स्टिअरिंगखाली वायर खुपसली आणि बसला स्क्रीनकडे बघत. बराच वेळ बसला. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी निघेल. शेवटी म्हणाला, "गिअरबॉक्सला काहीही झालेलं नाही." मी म्हटलं, साहेब, जरा खाली बघता का? गिअरबॉक्स तुमच्या खुर्चीच्या पायाशी पडलाय, दात वेगळे झालेत, मघाशी तुम्हीच त्याला ठेचकाळलात! "ते असेल, पण सिस्टिममध्ये दिसत नाही." मग लॅपटॉप मिटला, हळू आवाजात, आजारी माणसाला विचारतात ना तसं... "गाडी कोण चालवतं?"

माझी पणजी चालवते! म्हटलं, स्वर्गातून येते, चढ आला की खाली उतरते, बेअरिंग निळे करते आणि परत जाते! तर मिस्त्रीला म्हणतो, "ड्रायव्हर रागीट आहे, हेही कारण असू शकतं." बघा!

आता या सगळ्या नालायकांच्या मेळ्यात माझ्या बाजूने माणूस एकच. बारक्या. बारक्या म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, पण दारातून येताना आधी पोट येतं, मग 'दाजी' अशी हाक येते आणि मग तो येतो. त्याची टोचनची क्रेन आहे. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, हाच धंदा. माझी गाडी कुठेही बंद पडू दे, ताईचा एक फोन, की हातातलं काम टाकून हजर. छदाम घेत नाही. वर मला हात लावू देत नाही! "दाजी, तुम्ही कशाला उन्हात? समोर टपरी आहे, चहा घ्या, मी घेतो जोडून." माझा चहा संपेपर्यंत गाडीचं तोंड वर, मागची चाकं रस्त्यावर, चला! अहो, सख्खा भाऊ करणार नाही इतकं. तिन्ही वेळा त्यानेच आणली. मी म्हणायचो, जगात एवढा एक तरी माणूस आहे जो मला विचारत नाही, गाडी कोण चालवतं!

पण त्याची ताई! मिस्त्रीने 'पाय' म्हटलेलं तिच्यापर्यंत पोचलं. मी सांगितलं नाही हं, मिस्त्रीनेच फोन केला, काळजीपोटी! झालं. नवे बेअरिंग घालून गिअरबॉक्स तिसऱ्यांदा भरला, गाडी निघाली, तर बाईसाहेब गाडीत शेजारी. पाण्याची बाटली मांडीवर, आणि नजर? रस्त्यावर नाही, आरशात नाही, माझ्या डाव्या पायावर! "आता का दाबलात?" अगं, गिअर बदलायचाय. "मघाशी तर बदललात." अगं, चढ आहे! "मग आता का उचललात?" तुम्हाला सांगतो, समोरून बस येतेय, मागे कोणी हॉर्न मारतोय, आणि माझ्या शेजारी माझ्या पायाचा हिशेब चाललाय. जाऊन आलो. येताना म्हणाली, "पाय ठीक वाटतो." मी म्हटलं, सुटलो! तर म्हणाली, "मी बसले होते म्हणून."

आता या वाक्यावर माणसाने काय करायचं? सांगा ना, काय करायचं? ती नसली तर गिअरबॉक्स माझ्यामुळे जातो, आणि ती असली तर तिच्यामुळे टिकतो!

मग सासूबाई आल्या. सासूबाई बोलायच्या आधी "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका" म्हणतात. त्या असं म्हणाल्या की मी आधीच लावून घेतो, वेळ वाचतो. म्हणाल्या, "गाडी माझ्या लेकीच्या नावावर आहे. आता एकदाच. पुन्हा तो गिअरचा डबा गेला, तर गाडीवर दुसरा ड्रायव्हर ठेवायचा. तुम्ही घरी बसून फोन घ्या." डबा म्हणाल्या! मी बायकोकडे बघितलं. बायको पाणी प्यायला लागली. पेल्यात पाणी नव्हतं.

हसू नका. घरी बसून फोन घ्या, असं म्हटलं मला. अहो, मला दुसरं काय येतं? त्या सीटवर बसलो, दार ओढून घेतलं, की मी कोणीतरी असतो. समोरचा बाजूला होतो, फाटकावरचा माणूस हात वर करतो, "या उस्ताद" म्हणतो. खाली उतरलो की नुसता जावई! मला रडायलाच आलं त्या दिवशी, खरं सांगतो. सगळ्यांसमोर नाही रडलो, गाडीखाली जाऊन रडलो, तेल बघायच्या निमित्ताने.

आणि सगळ्यात वाईट काय झालं माहीत आहे? मला माझ्याच पायाचा संशय यायला लागला! जेवताना खाली बघतोय, हा इथे का ठेवलाय मी? झोपताना उशीवर ठेवतोय. गाडी घेऊन एकटा निघालो, तर गाणी बंद, पंखा बंद, कान खाली लावून चालवतोय, घूंऽऽ येतं का... घूंऽऽ येतं का... मागच्या गाड्या शिव्या घालत पुढे जातायत. एक सायकलवाला पुढे गेला, आणि जाताना म्हणाला, "काका, कोण शिकवतंय?"

असाच एकदा भर दुपारी चाललोय, तर रस्त्याकडेला बारक्याची क्रेन उभी. मागे कोणाचा तरी बंद पडलेला ट्रक, बाजूला त्याचा मालक कमरेवर हात ठेवून, आणि ट्रकच्या खालून दोन पाय आणि अर्धं पोट बाहेर. ते पाय आणि ते पोट मी हजारात ओळखीन. म्हटलं, बिचारा, आपल्यासाठी एवढं करतो, विचारावं तरी पाणीबिणी. थांबलो, वाकलो.

"बारक्या, खाली काय करतोस रे?"

"शाफ्ट काढतोय, दाजी!" आतून आवाज. "ओढायच्या आधी काढावा लागतो ना. इंजिन बंद असतं, आत तेल उडत नाही, आणि मागची चाकं तर फिरतच असतात. चाकं शाफ्ट फिरवतात, शाफ्ट गिअरबॉक्स फिरवतो, सगळं कोरडं! बेअरिंग जळून निळे होतात, दाजी, निळे!"

निळे.

तुम्हाला सांगतो, गाडी बंद होती, इंजिन बंद होतं, तरी माझ्या कानात घूंऽऽ सुरू झालं. शाफ्ट काढायचा असतो हे मला माहीत नाही का? चांगलं माहीत आहे! पण हा काढत असणारच, धंदा आहे त्याचा, मी टपरीवरचा चहा टाकून खाली वाकून कशाला बघू? मी म्हटलं, "बारक्या... माझी गाडी ओढताना शाफ्ट काढला होतास?"

"नाही, दाजी."

"एकदाही?"

"नाही."

"का?"

आता तो बाहेर आला. सगळ्या तोंडाला ग्रीस, आणि त्या ग्रीसमधून इतकं निर्मळ हसू की हात उचलावासा वाटेना. म्हणाला, "तुमची काय, घरची गाडी! बोल्ट गंजलेले असतात, वेळ जातो, तोवर ताईचा फोन, 'दाजी उन्हात उभे आहेत, लवकर आण.' तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू? लोकांचं वेगळं असतं, दाजी. लोकांच्या गाडीला काही झालं तर ते भांडायला येतात. तुम्ही कुठे भांडता!"

भांडलो! भर रस्त्यात भांडलो! आजवर ज्यांच्याशी भांडायचं राहून गेलं होतं त्या सगळ्यांचं त्याच्याशी भांडलो! मिस्त्रीचा वजनकाटा, लॅपटॉप, सासूबाईंचा डबा, सगळं काढलं. अरे, दवाखान्यात न्यायच्या नावाखाली वाटेतच जीव घेतलास तिचा, तीन तीन वेळा! अरे, हवा धरली होती तिला, नुसती हवा! पाइप फुटला होता, रबरी! जगातल्या प्रत्येक माणसाने मला विचारलं गाडी कोण चालवतं, एका गाढवाने विचारलं नाही की गाडी ओढतं कोण! तेवढ्यात तो दुसऱ्या ट्रकचा मालक, इतका वेळ शांतपणे ऐकत होता, तो पुढे आला आणि म्हणाला, "एक मिनिट. ते सगळं ठीक आहे. पण तुमची गाडी चालवतं कोण?"

बारक्या रस्त्याकडेला बसला तो उठेचना. "माझ्या हातून दाजींची गाडी..." एवढंच म्हणतोय. मी मात्र तरंगत निघालो. सुटलो होतो ना! पाय निर्दोष! मिस्त्रीकडे गेलो, सांगितलं. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मला वाटलंच होतं." लॅपटॉपवाल्याला फोन लावला. म्हणाला, "म्हणजे सिस्टिम बरोबरच होती." एकाने तरी म्हणावं, अरेरे! एकाने तरी म्हणावं, तुमच्या पायाची माफी मागतो! घरी गेलो, म्हटलं, इथे तरी सत्कार होईल.

घरी सासूबाई बसलेल्या. डोळ्याला पदर. "माझं लेकरू जेवत नाही." म्हटलं, बरं होईल थोडं, पोट आत जाईल. बायको म्हणाली, "चारचौघांत ओरडलात त्याच्यावर! तुमच्या प्रेमापोटीच केलं ना त्याने?" मी म्हटलं, अगं, प्रेमापोटी तीन गिअरबॉक्स? माझं प्रेम आहे तुझ्यावर, मी काय घराला काडी लावली? तर म्हणते, "फोन मीच करत होते ना, लवकर आण म्हणून, मग मलाही बोला!" आणि रडायला लागली. आता दोघी रडतायत. आणि सगळ्यांची समजूत कोण घालतंय? ज्याचे गिअरबॉक्स गेले तो!

बारक्याने क्रेन विकली. खरंच विकली! म्हणे, दाजींची गाडी माझ्या हातून जळली, आता कुणाच्याच गाडीला हूक लावणार नाही. दिवसभर आमच्या घरी येऊन भिंतीकडे बघत बसायला लागला. मला बघितलं की "दाजी..." म्हणणार आणि परत भिंतीकडे वळणार. मला माझ्याच घरात चोरासारखं वावरायला लागलं. शेवटी एकदा जेवण झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका..."

मी ताट धरूनच बसलो.

"त्याच्याकडे मोठ्या गाडीचं लायसन्स आहे. आणि गाडीवर ड्रायव्हर ठेवायचं आपलं ठरलंच होतं." मी म्हटलं, अहो, ते गिअरबॉक्स गेला तर! कुठे गेलाय? बायको म्हणाली, "मग जायची वाट बघायची का? हाताला काम मिळालं की सावरेल तो. तुम्ही काही दिवस बसा शेजारी, त्याला धीर येईल." मी म्हटलं, आणि माझ्या धीराचं काय? पण बघतो तर बारक्या दारात उभा, डोळे भरलेले, म्हणतोय, "दाजी, तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग नाही." आता या वाक्यापुढे 'नाही' म्हणून दाखवा! तुम्ही दाखवा म्हणून! मी किल्ली दिली. दिली म्हणजे, त्याने हात पुढे केला आणि माझी बोटं सुटली.

तर आता असं आहे. स्टिअरिंगवर तो, शेजारच्या सीटवर मी, मांडीवर पाण्याची बाटली. फाटकावरचा माणूस हात वर करतो, त्याला करतो. परवा पहिल्यांदा तो मोठा उतार आला, गाडी मालाने ठासून भरलेली, खाली वळण, वळणापलीकडे दरी. आणि या माणसाने गिअरच काढला. न्यूट्रल! गाडी सुटली ना सुसाट! मी ओरडलो, "बारक्या, गिअरमध्ये घाल! नुसते ब्रेक तापून धरायचे नाहीत, गिअरमध्ये घाल!" तो तसाच, ते निर्मळ हसू.

"घाबरू नका, दाजी. लोकांची गाडी असली की मी गिअरमध्येच उतरतो, उगीच बोलणी कोण खाणार? ही काय, घरचीच आहे. आता एवढ्या खर्चाने भरलाय, तर म्हटलं गिअरबॉक्सला जरा आराम."

मी दोन्ही पाय वर घेतले, बाटली पोटाशी धरली, डोळे घट्ट मिटले... आणि तुम्हाला सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला गिअरबॉक्सची काही म्हणता काही काळजी वाटली नाही.